सेल्फ मारल्यावर एकच ‘टक्’ आवाज येतो, इंजिन फिरत नाही: मदत हवी आहे

नमस्कार. माझ्याकडे २०१२ सालची, मॅन्युअल गिअरची पेट्रोल हॅचबॅक आहे. गेल्या तीन आठवड्यांपासून किल्ली फिरवली की बॉनेटखालून एकदाच खणखणीत ‘टक्’ असा आवाज येतो आणि पुढे काहीच होत नाही. सकाळी गाडी थंड असताना बहुधा पहिल्याच प्रयत्नात सुरू होते. मात्र कोथरूडहून कात्रजला जाऊन, दहा मिनिटे थांबून परत निघताना हमखास अडते. मागच्या मंगळवारी आईला फिजिओथेरपीहून घरी आणताना असेच झाले. दोन रिक्षावाले काका आपणहून उतरले, त्यांनी धक्का दिला आणि दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडताच गाडी लगेच सुरू झाली, म्हणजे इंजिन जाम नाही.

बॅटरी आठच महिन्यांपूर्वी बदलली आहे; टर्मिनल घासून घट्ट केले आहेत. मल्टिमीटरवर ती १२.६ व्होल्ट दाखवते आणि भावाने किल्ली फिरवून धरली असताना, ‘टक्’ झाल्यानंतरही, १२.३ च्या खाली येत नाही. हेडलाइटही मंद होत नाहीत. सेल्फ नीट लागतो तेव्हा हाच आकडा साडेदहापर्यंत उतरतो. यावरून मी असे समजतो की बॅटरी कमी पडत नसून सेल्फची मोटर करंटच ओढत नाही. किल्ली फिरवलेली असताना बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल आणि इंजिन ब्लॉक यांत ०.१ व्होल्टपेक्षा कमी फरक दिसला, त्यामुळे अर्थची (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी) वायर ठीक असावी. सेल्फच्या जाड वायरवर १२ आणि सोलेनॉइडच्या (सेल्फवरच्या, मोटरला करंट जोडणाऱ्या चुंबकी स्विचच्या) बारीक वायरवर ११.८ व्होल्ट मिळतात. तेव्हा दोष सेल्फच्या आतच आहे, याबद्दल मला फारशी शंका उरलेली नाही.

प्रश्न इतकाच आहे की आत नेमके काय गेले आहे. जॅकच्या दांड्याने सेल्फच्या अंगावर हलके ठोकल्यावर तीनदा इंजिन फिरले, त्यामुळे कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला करंट पोहोचवणारे ब्रश) झिजले असावेत असे वाटते. पण सोलेनॉइडच्या ओढणाऱ्या कॉइलचे अर्थिंग मोटरच्या कार्बनमधूनच पूर्ण होते. कार्बन पार सुटले असते तर खटका इतका जोरात बसला नसता, म्हणून माझा अधिक संशय सोलेनॉइडमधल्या जळलेल्या तांब्याच्या कॉन्टॅक्टवर आहे. पावसाळ्यात सिंहगड रस्त्यावर अर्धे चाक बुडेल इतक्या पाण्यातून गाडी काढावी लागली होती आणि सेल्फ गिअरबॉक्सजवळ बराच खाली बसवलेला आहे, हेही सांगून ठेवतो.

सोलेनॉइडमधून मोटरकडे जाणाऱ्या बोल्टवर किल्ली फिरवताना १२ व्होल्ट आले तर कार्बन, काहीच आले नाही तर कॉन्टॅक्ट, हा निष्कर्ष बरोबर आहे का? तो बोल्ट इनटेकच्या आड असल्यामुळे गाडी लिफ्टवर घ्यावी लागेल.

ज्या ऑटो इलेक्ट्रिशियनला गाडी दाखवली त्यांनी काहीही न मोजता पूर्ण सेल्फ बदलायला सांगितले. कार्बन आणि कॉन्टॅक्ट नाना पेठेतून आणून, आर्मेचर (मोटरचा फिरता भाग) तपासून जुनाच सेल्फ बांधून घेतला तर तो किती टिकतो, हे ज्यांनी स्वतः करून पाहिले आहे त्यांनी कृपया सांगावे. आईला आठवड्यातून दोनदा न्यावे लागते आणि तिला गाडीत बसवून भर रस्त्यात धक्का देणारे शोधायची वेळ पुन्हा येऊ नये, म्हणून येत्या रविवारपर्यंत निर्णय घ्यायचा आहे.