उतारावरचं पाणी नक्की कुठे मुरतं?

ओहोळ:
बरेच दिवस डोक्यात असलेली शंका. दाट झाडीच्या उतारावर धो धो पावसात उभा होतो, पायाखाली पाचोळा, खालची माती ओलीगच्च, पण वरून पाणी वाहतंय असं कुठेच दिसेना, सगळं जिरत होतं. खाली येऊन बघतो तर ओढा दोनेक तासांत फुगलेला. आणि पाऊस थांबून पाच दिवस झाले तरी काठातून पाझर चालूच. मातीतून पाणी मुंगीच्या पावलांनी सरकतं असं ऐकलंय, मग एवढं पाणी एवढ्या लवकर आलं कुठून? कुठेतरी पाणी मुरतंय :)

जुनागडी:
सोप्पंय. मुरण्याच्या वेगापेक्षा पाऊस जोरात पडला की उरलेलं वरून वाहतं. जलशास्त्रज्ञ हॉर्टनने 1933 मध्येच सांगून ठेवलंय. तुमचं लक्ष नसेल.

मातीमोल:
लक्ष नसेल काय, बरोबर बघितलंय त्यांनी. हॉर्टनचं गणित उघड्या, तुडवून टणक झालेल्या जमिनीला चालतं. जंगलातली माती भुसभुशीत, बहुतेक पाऊस ती सहज पिऊन टाकते. मग खाली मुरूम नाहीतर कातळ लागला की पाणी सरळ खाली जाऊ शकत नाही, ते उताराच्या दिशेने आडवं निघतं. आणि सगळं मातीच्या कणाकणातून जातं असंही नाही. मी एकदा उतारावर आडवा चर खणून वरच्या बाजूला दोन मीटरवर निळा रंग घातलेलं पाणी ओतलं. पहिल्यांदा चराची भिंत फावड्याने छान गुळगुळीत करून ठेवली होती, तर त्यात भोकंच लिंपली गेली आणि दुपारभर थेंब नाही. मग सुरीने खरवडली, तर एका कुजलेल्या मुळाच्या करंगळीएवढ्या भोकातून काही मिनिटांत निळी धार, आणि शेजारची वीतभर माती कोरडीच्या कोरडी.

ओहोळ:
भारी! म्हंजे ओढ्यात आलेलं पाणी आजच्याच पावसाचं, या भोकांतून पळत आलेलं?

मातीमोल:
नाही ना, तिथेच गोची आहे. न्यूझीलंडमध्ये माइमाइ म्हणून पाणलोट आहे, तिथे 1979 साली मोस्ले यांनी साधारण असंच मांडलं होतं, की मोठ्या भोकांतून पाणी झपकन खाली येतं. पुढे 1986 मध्ये तिथल्याच पाण्याच्या समस्थानिकांवरून हिशोब मांडला गेला (समस्थानिक म्हणजे एकाच मूलद्रव्याचे कमीजास्त वजनाचे अणू; प्रत्येक पावसाचं ऑक्सिजन-18 या जड ऑक्सिजनचं प्रमाण वेगळं असतं, जमिनीत मुरून राहिलेल्या पाण्याचं मिसळून बरंच स्थिर झालेलं) आणि निघालं काय, तर पुरातलं बहुतेक पाणी जुनंच, पावसाच्या आधीपासून डोंगरात बसलेलं.

कुंडीवाली:
हे घरी बघता येतं. काल पाणी घातलेल्या कुंडीत आज रंगीत पाणी ओता, खालच्या भोकातून लगेच पाणी येतं पण आधी बिनरंगाचं, कालचं. आजच्याने त्याला ढकललं. थेंब हळूच सरकतो, धक्का मात्र लगेच पोचतो, दोन्हींचे वेग वेगळे. कुंडी आठवडाभर वाळवली तर माती आक्रसून कडेला फट पडते, आणि तेव्हा रंगीत पाणी थेट खाली. तुमची निळी धार ती हीच.

मातीमोल:
अगदी. आणि पायथ्याशी तर जमिनीतलं पाणी वरपर्यंत आलेलंच असतं, मातीची भोकं जवळपास भरलेली, त्यामुळे थोड्या पावसानेही पातळी झटकन वर येते. तिथे जमीन गच्च भरली की पुढचा पाऊस वरूनच वाहतो. डन आणि ब्लॅक या संशोधकांनी अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये हे बघून 1970 मध्ये लिहिलं. जुनागडी, वरून वाहणं असतंच, फक्त जागा आणि कारण वेगळं.

जुनागडी:
बरं बाबा, मानलं. पण मग कोरड्या दिवसांनंतर चांगला दणकून पाऊस पडला तरी कधीकधी ओढा हलत नाही, ते का?

मातीमोल:
मातीखालचा कातळ सपाट नसतो, त्यात खळगे असतात. आधी ते भरणार, मग उतू जाऊन एकमेकांना जोडले जाणार, तेव्हा कुठे पाणी पायथ्याशी पोचतं. अमेरिकेत जॉर्जियातल्या पनोला इथे उतारावर 20 मीटर रुंद चर खणून 147 पावसांचा हिशोब ठेवला होता. पाऊस साधारण 55 मिमीच्या खाली असेल तर चरात नावाला पाणी, त्याच्या वर गेला की कितीतरी पटीने. तुमचा दणकून पडलेला पाऊस खळगे भरण्यातच संपला असणार.

ओहोळ:
शेवटचं विचारतो. घरामागे उतार अडवायला दगडी भिंत आहे, तिच्या भोकांतून पाऊस गेल्यावरही पाणी येत राहतं. गवंडी म्हणतो सिमेंट भरून टाकू.

मातीमोल:
अजिबात भरू देऊ नका! पाणी यायचं थांबणार नाही, फक्त भिंतीमागे तुंबेल, दाब वाढेल आणि मातीची एकमेकांना धरून राहायची ताकद कमी होईल. स्वच्छ पाणी येतंय तोवर येऊ द्या. गढूळ यायला लागलं तर आतली माती धुऊन निघतेय, तेव्हा मात्र इंजिनिअरला दाखवा, गवंड्याला नाही.