हँडब्रेकचा शू एकाच बाजूला झिजतोय: शू बदलायचे की आधी कारण शोधायचं?

मागचं_चाक (धागाकर्ता)

माझ्याकडे जुनी दोन दारांची स्पोर्ट्स कार आहे. मागच्या डिस्कच्या पोटात छोटा ड्रम आणि त्यात फक्त हँडब्रेकसाठी दोन शू (ड्रमला आतून दाबणाऱ्या कमानदार लोखंडी पट्ट्या). पोर्शे ९११, बॉक्स्टर किंवा बीएमडब्ल्यूची ई४६ एम३ पाहिलेल्यांना ही मांडणी माहीत असेल. चालत्या गाडीला थांबवायचं काम कॅलिपरचं (डिस्कला दोन पॅडमध्ये आवळणारा भाग), शूनी फक्त उभी गाडी धरायची.

परवा डिस्क उतरवल्या. उजवीकडचं लायनर (शूवरचा घासणारा थर) जवळपास नव्यासारखं, कडेला छापलेले आकडे अजून वाचता येतात. डावीकडचा मागचा शू मात्र निम्म्याहून जास्त गेलाय, आणि तोही तिरका. गाडीच्या आतल्या बाजूची कड पातळ, चाकाकडची जाड.

गॅरेजवाल्यांचं म्हणणं, चारही शू बदला, केबल थोडी आवळा, झालं. मला हे अजिबात पटत नाही. उभ्या गाडीत शू ड्रमवर घासतच नाही, मग लायनर झिजलं कधी? डावा शू चालत्या गाडीत घासतोय, याला दुसरा अर्थ नाही. कारण तसंच ठेवून नवे शू घातले तर तेही त्याच वाटेने जाणार.

पाना_तेरा

तत्त्व बरोबर, पण कारण शूमध्येच असू शकतं हे तुम्ही धरलेलंच नाही. लायनर लोखंडी पट्टीवर चिकटवलेलं असतं. ओल शिरली की पट्टीला गंज चढतो, गंज फुगतो आणि लायनर वर उचललं जातं. उचललेला भाग ड्रमला टेकतो आणि हँडब्रेक खाली असतानाही घासत राहतो. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने लायनरवर टकटक करत जा. घट्ट जागी आवाज भरीव येतो, सुटलेल्या जागी पोकळ.

जुन्या गाडीत मी चारही शू, सगळ्या स्प्रिंगा आणि अ‍ॅडजस्टर (शू आणि ड्रममधलं अंतर ठरवणारा दातेरी चाकाचा भाग) एकदमच बदलतो. अर्धं जुनं ठेवून तपास करत बसण्यात वेळ जातो, आणि ताणलेली जुनी स्प्रिंग तपासात भलतीच दिशा दाखवते.

तारेवरची

पाना_तेरा, असं सरसकट बदलणं मला मान्य नाही. एकाच बाजूची झीज म्हटली की पहिला संशय केबलवर. बाहेरचं आवरण कुठेतरी फाटतं, पाणी आत जातं, तार गंजते. मग होतं काय, तर तुम्ही लिव्हर ओढता तेव्हा तार येते, कारण हाताला जोर असतो. परत नेणाऱ्या स्प्रिंगेला तेवढा जोर नसतो. लिव्हर खाली, दिवा बंद, आणि आतला शू अर्धवट उघडाच. अशा केबलला आणखी आवळणं म्हणजे दुखणं वाढवणं. हे शू बदलून कसं सुटेल?

तपासणी सोपी आहे. पुढच्या चाकांना ओट (गाडी सरकू नये म्हणून ठोकळा) लावा, मागची दोन्ही चाकं उचलून गाडी स्टँडवर घ्या, गिअर न्यूट्रल. हँडब्रेक ओढा, सोडा, चाक हाताने फिरवा. जड लागलं तर चाकाकडचं केबलचं टोक सोडवून पुन्हा फिरवा. हलकं झालं तर केबल दोषी. नाही झालं तर दोष ड्रमच्या आत.

गिअर_न्यूट्रल

तारेवरची यांच्या तपासणीत एक खोच आहे. स्पोर्ट्स कारमध्ये बऱ्याचदा लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (दोन्ही चाकांच्या वेगातला फरक आवरणारी यंत्रणा) असतं. एक चाक फिरवलं की दुसरंही त्याच दिशेला फिरू पाहतं, आणि डावीकडचा जडपणा उजवीकडे हाताला लागतो. त्यात कॅलिपरचे पॅड डिस्कला हलके टेकलेले असतातच. म्हणून कॅलिपर उतरवून तारेने टांगून ठेवा (होजवर लटकू देऊ नका) आणि एक्सलची शाफ्ट सोडवता येत असेल तर सोडवा. नाहीतर हाताच्या अंदाजावर निकाल देऊ नका.

जुना_फिटर

सगळे केबल आणि लायनरवर भांडताय, पण धाग्यातला सर्वात बोलका पुरावा बाजूलाच पडलाय. झीज तिरकी आहे! केबल कितीही अडकली तरी ती शूला सरळच बाहेर ढकलते. ती लायनर तिरकं झिजवू शकत नाही. तिरकी झीज म्हणजे शू सरळ बसलेला नाही.

शूची कड मागच्या प्लेटवरच्या उंचवट्यांवर सरकते. तिथे खाच पडली, शूला दाबून धरणारी स्प्रिंग मोडली, किंवा अडकलेली डिस्क काढताना कोणी पहारीने प्लेट वाकवली, तर शू कलतो.

ड्रमची आतली बाजू नीट बघा. एकाच कमानीत चकाकी असेल तर डिस्क हबवर तिरकी बसलीय, बहुतेक मध्ये गंज आहे. चकाकी पूर्ण गोल पण एकाच कडेला असेल तर शू कललेला आहे. पूर्ण गोल आणि पूर्ण रुंदीला असेल तर तारेवरची म्हणतात तसं शू परत येत नाहीये.

आणि एक. पुढचा-मागचा शू कमीजास्त झिजणं हा दरवेळी दोष नसतो. या प्रकारात एक शू अ‍ॅडजस्टरमधून दुसऱ्याला ढकलतो, त्या दुसऱ्यावर जास्त भार येतो. डावं-उजवं यांतला फरक मात्र माफ नाही.

पाना_तेरा

फिटरसाहेब, तिरक्या झिजेचा मुद्दा मान्य. तरी शू बदलण्यावर मी ठाम आहे. तिरकं लायनर सरळ केलेल्या प्लेटवर घातलं तर ड्रमला अर्ध्या रुंदीनेच टेकणार, चढावर गाडी धरणार नाही. आणि बदलायचे तर दोन्ही बाजूंचे, नाहीतर पकड असमान.

गॅरेजच्या ‘केबल आवळा’ला मात्र माझाही विरोध. क्रम असा: आधी केबल पूर्ण सैल. मग अ‍ॅडजस्टरचं दातेरी चाक फिरवून शू ड्रमला टेकवायचे आणि मॅन्युअलमध्ये दिलेत तेवढे दात मागे घ्यायचे. दोन्ही बाजूंना सारखेच. केबल सगळ्यात शेवटी.

ट्रॅकडे

ट्रॅकवर नेत असाल तर तापलेल्या गाडीला हँडब्रेक लावू नका. तापलेला ड्रम फुगलेला असतो, थंड होताना आकसून शूवर आवळतो. गिअरमध्ये ठेवा, चाकाला ओट लावा.

तारेवरची

हे डाव्या-उजव्या फरकाचं उत्तर नाही. उष्णता दोन्हीकडे असते.

मागचं_चाक

आज पुन्हा उघडलं. टकटक केली, लायनर सगळीकडे भरीव. कॅलिपर आणि शाफ्ट सोडवून, केबल काढूनही डावी डिस्क घासतेच. ड्रममध्ये चकाकी पूर्ण गोल, पण फक्त आतल्या कडेला. प्लेटवरच्या खालच्या उंचवट्यात नखाला लागेल अशी खाच आहे आणि शूची कड तिच्यात रुतून बसते. मग कारण शोधल्याशिवाय नवे शू घालून काय साधलं असतं, पाना_तेरा?

पाना_तेरा

काही नाही. पण शू नवेच लागतील.

जुना_फिटर

खाच वेल्डिंगने भरून कानशीने सपाट करा, किंवा प्लेटच बदला. उंचवट्यांवर उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा अगदी पातळ हात, लायनरला थेंबही नको. आणि धूळ हवेच्या प्रेशरने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ओलं करून पुसा.