आइस्क्रीमच्या काड्या न मोडता वाकवायच्या कशा?

शिल्पा_सातारा
नमस्कार मंडळी. चौथीच्या मुलांकडून आइस्क्रीमच्या काड्यांची कडी करून घ्यायची आहेत, म्हणजे एका बाजूने उघडी असलेली बांगडी. स्टेशनरीच्या दुकानातल्या गोल टोकाच्या साध्या काड्या आणल्यात. रात्रभर पाण्यात भिजवल्या, तरी वाकवायला गेलं की मधोमध कटकन मोडतात. कुणी म्हणतं पाण्यात व्हिनेगर घाला, कुणी म्हणतं उकळा. नेमकं काय करू?

रंगरेषा
उकळा. व्हिनेगर नको, नुसता वास येतो. आणि रंगीत काड्या घेऊ नका, सगळा रंग पाण्यात उतरतो.

रंधा_आणि_पटाशी
शिल्पाताई, मी सुतारकाम करतो, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

गार पाण्याने काडी ओली होते, पण हवी तेवढी नरम पडत नाही. लाकडाचे तंतू धरून ठेवणारं लिग्निन मऊ पडायला ओल आणि उष्णता दोन्ही लागतात. वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या बनवणाऱ्या मिखाएल थोनेटची १४ नंबरची खुर्ची १८५९ सालची, तिच्या बीच नावाच्या लाकडाच्या दांड्या वाफवूनच वाकवलेल्या. तुमची काडी जेमतेम २ मिमी जाड, तिला पातेलं पुरतं.

आता काडी का मोडते ते बघा. वाकवताना आतली बाजू दबते आणि बाहेरची ताणली जाते. लाकूड दाब बराच सोसतं, ताण मात्र एक-दोन टक्केच. मुलाच्या मनगटाएवढ्या, म्हणजे ५-६ सेंमी व्यासाच्या गोलात ही काडी बसवायची तर बाहेरची बाजू तीन टक्क्यांच्या वर ताणली जाते. म्हणून कपची नेहमी बाहेरून निघते. थोनेट दांडीच्या बाहेरच्या अंगाला पोलादी पट्टी लावायचा, ती हा ताण स्वतःवर घ्यायची. आपल्याला एवढं नको, पण काडी निवडून घ्या. निम्मं काम तिथेच होतं. उजेडात धरून कडेने बघा. रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेल्या असतील तर ठेवा. तिरकी रेषा मध्येच कडेला बाहेर पडत असेल तर काडी तिथेच मोडणार, कितीही उकळा. गाठ दिसली तरी बाजूला काढा. त्या सपाट कामाला वापरा.

निवडलेल्या काड्या झाकण ठेवून अर्धा तास उकळा. त्या तरंगतात, म्हणून वर एक ताटली दाबून ठेवा. चिमट्याने एकच काडी काढा, बाकीच्या पाण्यातच राहू द्या, कारण एवढी बारीक काडी चटकन निवते. मधोमध अंगठे रोवू नका. बाटलीभोवती हळूहळू गुंडाळत न्या, म्हणजे बाक सगळ्या लांबीवर पसरतो. मग पेल्यात आतल्या बाजूने टेकवून बसवा आणि निदान एक दिवस हलवू नका. बाहेर काढल्यावर थोडी उघडतेच, तेव्हा पेला हव्या त्या मापापेक्षा किंचित लहान घ्या.

उकळणं आणि वाकवणं मोठ्यांनीच करायचं, कारण काडी गरम असतानाच ते होतं. मुलांना घासायला, रंगवायला, टिकल्या लावायला द्या. आणि काडी पूर्ण वाळल्याशिवाय फेव्हिकॉल नाही, रंगही नाही.

वेताची_दुरडी
आमच्याकडे घरात बुरूडकाम आहे. दिवाळीत आकाशकंदिलाचा गोल करायचा असेल तर काड्यांच्या मागे लागू नका. बांबूच्या कामट्या घ्या. ओल्या हिरव्या बांबूची पातळ कामटी हातानेच वळते. वाळलेली असेल तर भिजवून मेणबत्तीच्या आचेवर लांबून शेकत वाकवायची, काळी पडू द्यायची नाही. सालीची बाजू बाहेर ठेवा. ताण सोसणारे तंतू सालीलगतच दाट असतात.

शिल्पा_सातारा
काका, खूप आभार! आत्ता गठ्ठा उघडून कडेच्या रेषा बघितल्या. मोडलेल्या सगळ्या काड्यांवर तिरकी रेषा आहे, आणि तुकडा अगदी तिच्यावरूनच पडलाय. एवढ्यांदा हातात घेऊन कधी दिसलं नव्हतं. उद्या घरी उकळते. पेले काचेचे चालतील ना?

रंधा_आणि_पटाशी
स्टीलचे घ्या. काड्या गरम असतात आणि बसवताना जोर लागतो. पेल्याचं तोंड वर, झाकण नाही, पंख्याखाली ठेवा. कोंदट जागी काड्यांवर बुरशी धरते. उन्हात मात्र नको, एका अंगाने भराभर वाळून पीळ पडतो.