प्रत्यारोपणानंतर मुळं आखूड, उपदाढा नाहीत: तारा लावाव्यात का?

प्रश्न
मुलगी 8 वर्षांची. थॅलेसेमियासाठी 2 वर्षांची असताना अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालं. त्याआधी बुसल्फान आणि सायक्लोफॉस्फामाइड ही केमोथेरपीची औषधं दिली होती, किरणोत्सार नाही. ओपीजीत (संपूर्ण जबड्याच्या क्ष-किरण चित्रात) खालच्या दोन्ही दुसऱ्या उपदाढा (सुळा आणि दाढ यांमधले दात) दिसत नाहीत, दुसऱ्या कायमच्या दाढा खूपच लहान आहेत, आणि खालच्या पुढच्या दातांची मुळं आखूड, निमुळती, वयाच्या मानाने लवकर बंद झालेली. पालकांना तारा हव्यात. दुधाच्या दाढा काढून जागा भरून घ्यावी का?

दंतअंकुर
आत्ता काढू नका. या उपदाढांना एरवीही उशीर होतो, औषधांनंतर आणखीच. वर्ष-दीड वर्षाने पुन्हा ओपीजी घ्या, मगच 'नाहीत' असं ठरवा. खरंच नसतील, तर दुधाची दुसरी दाढ हीच तिची खरी दाढ. मुळं शाबूत असतील तर ती कित्येक वर्षं टिकते. खाचा सीलंटने (कीड रोखणाऱ्या पातळ लेपाने) बंद करा आणि ती शेजारच्या दातांपेक्षा खाली बसत चालली आहे का, हे दर तपासणीत बघा.

पालकांना एक गोष्ट नक्की सांगा: हे ब्रश नीट न केल्यामुळे झालेलं नाही. दुसऱ्या उपदाढेचा आणि दुसऱ्या दाढेचा शिखरभाग (हिरडीबाहेर दिसणारा भाग) साधारण अडीच-तीन वर्षांच्या सुमारास कठीण होऊ लागतो. औषधं नेमकी त्याच्या तोंडावर पडली. पुढच्या दातांचे शिखरभाग तेव्हा बरेच तयार होते, म्हणून फटका मुळांना बसला. 5 वर्षांच्या आत प्रत्यारोपण झालेल्यांत धोका सर्वांत जास्त.

सरळरेषा
तारा लावता येतात, पण मर्यादित. आजार बरा होऊन निदान 2 वर्षं गेलेली असावीत आणि रक्तविकारतज्ज्ञांची संमती हवी. बळ हलकं, कालावधी कमी, उद्दिष्ट साधं. खालचा जबडा शक्यतो सोडूनच द्या. आखूड मुळांवर जोर दिला की ती आणखी झिजतात आणि दात हलू लागतो. सहा महिन्यांनी क्ष-किरण काढा. मूळ झिजताना दिसलं तर थांबा. परिपूर्ण रांग मिळणार नाही, हे आधीच सांगून ठेवा.

दंतअंकुर
जुनाट जीव्हीएचडी (दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावर हल्ला करतात तो विकार) आहे का, हेही विचारा. असेल तर लाळ आटते आणि हिरड्यांच्या कडेने कीड झपाट्याने पसरते. दर 3 महिन्यांनी 5 टक्के सोडियम फ्लोराइड वार्निश, घरी 1000 पीपीएमच्या वरची पेस्ट. सायक्लोस्पोरिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालू असेल तर हिरड्या सुजून वाढतात, ते कीड समजू नका. दात काढायची वेळ आलीच तर आधी रक्ततपासणी: प्लेटलेट 75,000 च्या खाली असतील तर रक्तविकारतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय हात लावू नका.