मदत हवी आहे: नाशिकहून बालेवाडीला टेनिस बघायला

नमस्कार मंडळी. माझा भाचा गंगापूर रोडला टेनिस शिकतो. त्याला पुण्यात बालेवाडीला होणारी पुरुषांची एटीपी चॅलेंजर स्पर्धा (व्यावसायिक टेनिसच्या मुख्य एटीपी मालिकेच्या खालची पातळी) दाखवायची आहे. २०१८ ते २०२३ तिथेच एटीपी २५० ही वरच्या, मुख्य मालिकेतली स्पर्धा व्हायची (२०२१ मध्ये कोविडमुळे नाही झाली), तेव्हा जायचं जायचं म्हणत राहूनच गेलं. २०१९ आणि २०२२ ला तिथे आपला रोहन बोपण्णा दुहेरी जिंकला होता! आता चॅलेंजर तर चॅलेंजर. हार्ड कोर्ट तेच, आणि रँकिंगसाठी झगडणारी पोरं जवळून बघायला मिळतील. माझ्या मते शिकणाऱ्याला तेच जास्त उपयोगी.

आधी कोणी गेलं असेल तर सांगा: पात्रता फेरीच्या दिवशी आत सोडतात का, की मुख्य फेरीलाच? बाजूच्या कोर्टवर अगदी कुंपणाच्या जाळीजवळ उभं राहता येतं का? भाच्याला सर्व्हिस परतवणाऱ्याचे पाय बघायचेत, टीव्हीवर ते नीट दिसतच नाही म्हणतो.

शिवशाहीने नाशिक फाट्याला उतरून पुढे रिक्षा बरी, की थेट शिवाजीनगर गाठावं? रात्रीचा सामना लांबला तर परतीची गाडी मिळते का? ताई मुक्कामाला तयार नाही, शाळा बुडते म्हणून.