मुलांची पुस्तकं हेही माझंच वाचन

मूल झालं की आपलं वाचन संपतं, उरतात ती फक्त पोरांची पुस्तकं, असं म्हणतात. मला त्यातलं ‘फक्त’ पटत नाही.

माझं ऑफिस नागपुरात मिहानकडे. सीताबर्डीहून खापरीपर्यंत मेट्रोत जेवढी पानं होतील तेवढंच दिवसाचं वाचन. पर्समध्ये सध्या लेकीचं पुस्तक असतं, प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’. १९९४ चं पुस्तक. कॉलेजात वाचलं तेव्हा मी त्यातल्या लंपन या पोरासोबत नुसती भटकले होते. आता चाळिशीत नजर सारखी त्याच्या आजीकडे जाते. आईवडिलांपासून दूर असलेलं पोर सांभाळायचं म्हणजे काय, हे विशीत मला दिसलंच नव्हतं.

रात्री मी पोळ्या लाटते न् लेक मोठ्यानं वाचते. परवा लंपनच्या घरच्या आठवणीशी आली आणि मध्येच थांबली. मी पिठाच्या हातानंच पान उलटायला गेले, तर म्हणाली, “थांब न आई, पुन्हा वाचू दे.” त्या पानाच्या कडेला माझ्या अंगठ्याचा पांढरा ठसा उमटलाय. पुसला नाही मी.

धाकट्यासाठी बालभारतीचं ‘किशोर’. १९७१ पासूनचं मासिक, जुने अंक ऑनलाइन मोफत वाचता येतात. कुकरच्या शिट्ट्या होईस्तोवर एक गोष्ट होते. मोबाइल मात्र पोराच्या हाती देऊ नका, तुम्हीच वाचून दाखवा.