कुंबळे खडूस, कोहली बिचारा? जरा थांबा

ऑफस्टंप_कोथरूड
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका महाशयांनी हातभर पोस्ट टाकली. सारांश असा की २०१७ ला कप्तान कोहलीने कोच कुंबळेला घालवलं ते योग्यच केलं, टीम कप्तानाची असते, हरल्यावर शिव्या कप्तान खातो, कोचने थ्रोडाऊन (सरावाला हाताने फेकलेले बॉल) टाकावेत आणि गप्प बसावं. खाली अंगठ्यांची रांग. तिथे वाद घालायला बंदी आहे म्हणून इथे ओकतोय.

अहो, माणसाचा रेकॉर्ड तरी बघा. १७ टेस्ट, १२ जिंकल्या, हरलो फक्त एक, आणि ती पण (आपलं नशीब) पुण्यात, गहुंज्याच्या स्टेडियमवर. १८ जूनला चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल पाकिस्तानकडून हरलो, २० जूनला कुंबळे बाहेर. लोकांना वाटतं फायनलमुळे गेला. छे! स्पर्धा सुरू व्हायच्या आधी, मे महिन्यातच बोर्डाने नव्या कोचसाठी अर्ज मागवले होते. सचिन, सौरव, लक्ष्मण यांची समिती कुंबळेलाच ठेवा म्हणत होती. आणि कप्तानाला तुझी पद्धत खटकतेय हे बोर्डाने कुंबळेला पहिल्यांदा कधी सांगितलं, तर त्याच्याच पत्रानुसार राजीनाम्याच्या आदल्या दिवशी. वर्षभर सगळे तोंडात मिठाची गुळणी धरून बसले होते काय?

कोहली वाईट, असं मी म्हणतच नाहीये. दोन तापट माणसं आहेत, वाजणारच. पण दोघांना समोरासमोर बसवून ऐकून घेणारा कोणीतरी पाहिजे होता ना? बोर्डाने कोणाच्या तोंडावर जाहिराती येतात ते बघितलं आणि दुसऱ्याला नारळ दिला. इतिहासकार रामचंद्र गुहांनी सुप्रीम कोर्टाने बोर्डावर नेमलेली प्रशासक समिती सोडताना, म्हणजे कुंबळे जायच्या आधीच, या स्टारगिरीबद्दल लिहून ठेवलं होतं.

सिंहगडरोडकर
आले कुंबळेभक्त. आधीच सांगतो, अँटिग्वात मोडका जबडा बांधून विंडीजच्या लाराला आउट करणाऱ्या माणसाबद्दल वावगं बोलायची माझी लायकी नाही. पण म्हणूनच तो कोच म्हणून जड गेला असेल की. मोडक्या जबड्याने बॉलिंग टाकलेल्याला हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) धरून बसलेलं पोरगं नाटकीच वाटणार. आत काय हवा होती ते आतल्यांना माहीत, आपण कर्वे रोडला कटिंग मारत निकाल देणार का?

आणि कोचला डोक्यावर बसवलं की काय होतं ते बघून झालंय आपलं. ऑस्ट्रेलियाचा ग्रेग चॅपेल, आपला तेव्हाचा कोच! २००५ ला बुलावायोत कॅप्टन गांगुलीने शतक मारलं आणि बाहेर येऊन सांगितलं की मला कॅप्टन्सी सोडायला सुचवलं होतं, मग चॅपेलचा बोर्डाला मेल, तो फुटला, पेपरात रोज धुणी, थोड्याच दिवसांत द्रविड कॅप्टन. शेवट काय झाला, २००७ च्या वर्ल्डकपला बांगलादेशकडून हरून पहिल्याच फेरीत परत.

ऑफस्टंप_कोथरूड
चॅपेलचं नाव काढलं की वाद संपला असं का वाटतं लोकांना? त्याच काळात आपल्या टीमने चेस करताना सलग १७ वनडे जिंकल्यात. इरफान पठाणसारख्या बॉलरला बॅटिंगला तीन नंबरला पाठवून वाया घालवला म्हणून अजून चॅपेलच्या नावाने खडे फोडतात, आणि इरफान स्वतः सांगतो की ती आयडिया सचिनची होती. मेल फुटला म्हणता, पण फोडला कोणी? बोर्डाकडे गेलेला कागद पेपरात दिसतो म्हणजे पाणी कुठे मुरतंय ते कळतंच की.

जुना_नेहरू_स्टेडियम
मुळात इंटरनॅशनल लेव्हलला कोच कशाला लागतो हा माझा कायमचा प्रश्न आहे. कोच लागतो केनियाला. २९ फेब्रुवारी १९९६ ला वर्ल्डकपच्या मॅचला मी नेहरू स्टेडियमवर होतो, केनियाचे सगळे मिळून १६६, आम्ही म्हटलं चला दुपारी जेवायला घरी, आणि विंडीज ९३ ला गुंडाळले. केनियाचा कोच आपला हनुमंत सिंग. त्या पोरांना शिकवायला माणूस हवाच होता. पण ज्याला देशासाठी निवडलंय त्याला काय बॅट धरायला शिकवणार? वाडेकर ७१ ला विंडीजमध्ये आणि इंग्लंडमध्ये जिंकून आले, कोण होता कोच?

बॅकफूट_पंच
काका, इंग्लंड दौऱ्यावर हेमू अधिकारी होते. फौजी माणूस, फिल्डिंग घासून घेतली सगळ्यांकडून. आणि जन्म पुण्याचा, हे तरी तुम्हाला माहीत पाहिजे होतं.

जुना_नेहरू_स्टेडियम
अधिकारी मॅनेजर होते. मॅनेजर! बरं, पुण्याचे निघाले म्हणून सोडून देतो.

शुभदा_बावधन
चर्चा कुंबळे-कोहलीवरच फिरणार याची खात्री होती. २०१८ चं कोणाला आठवतंय? महिला टी-ट्वेंटी वर्ल्डकपची सेमीफायनल, समोर इंग्लंड, आणि पाकिस्तान आणि आयर्लंडविरुद्ध फिफ्टी मारलेली मिताली राज बाहेर. वनडेची कॅप्टन ती! ११२ ला ऑलआउट होऊन आठ विकेटनी हरलो. मग मितालीचा बोर्डाला मेल, कोच रमेश पवारचा रिपोर्ट, दोन्ही पेपरात. टी-ट्वेंटीची कॅप्टन हरमनप्रीत आणि स्मृती मानधना पवारच्या बाजूने. त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं तेव्हा वाटलं चला संपलं, तर २०२१ ला तोच परत कोच आणि वनडेला मितालीच कॅप्टन. म्हणजे कोहलीशी पटलं नाही तर कोच जातो आणि मितालीशी पटलं नाही तर परत येतो. यावर कोणी धागा काढला नाही.

खालच्या लेव्हलला पण हेच चालतं. माझी मुलगी आमच्या भागातल्या एका अकादमीत जायची. बॉलिंग मशीन आधी मुलांना, वेळ उरला तर मुलींना. मी सरांना नीट, आवाज न चढवता विचारलं की फी सारखीच आहे ना. पुढच्या मॅचला ओपनिंग करणारी पोरगी थेट नवव्या नंबरला. जाब विचारला की खाली ढकलायचं!

बॅकफूट_पंच
शुभदाताई, मितालीचं शंभर टक्के मान्य. अकादमीचं नाही. मी स्वतः कित्येक वर्षं पोरं शिकवतोय, सकाळी सहाला ग्राउंडवर, आणि सांगतो, निम्मा त्रास पालकांचा आहे. बाउंड्रीवर उभं राहून ‘फ्रंटफूट, फ्रंटफूट’ ओरडतात, पोरगं माझ्याकडे बघू की बापाकडे बघू करत एलबी होतं. एका वडिलांनी मला मोबाईलवर व्हिडिओ दाखवून ट्रिगर मूव्हमेंट (बॉल सुटायच्या आधीची पायांची हालचाल) समजावली, त्यांच्या मुलाला अजून पॅड नीट बांधता येत नव्हतं. दहा ओव्हरची मॅच असते, कोणीतरी नवव्या नंबरला जाणारच ना? फी भरली म्हणजे ओपनिंग विकत घेतली का?

शुभदा_बावधन
मी ओपनिंग मागितलं नव्हतं, बॉलिंग मशीनवरचा वेळ मागितला होता. तुम्ही वाचता की नुसतं खेकसता?

सिंहगडरोडकर
पंच साहेब, आमच्या लहानपणी एक सर चुकलं की स्टंप मारायचे पोटरीवर. तेव्हा कोणाची टाप नव्हती विचारायची. काही शिकलो नाही त्यांच्याकडून, क्रिकेट सुटलं तेवढं. म्हणून कडक मास्तर ही जातच मला आवडत नाही, मग तो कुंबळे का असेना.

बॅकफूट_पंच
मी आयुष्यात कोणावर स्टंप उगारलेला नाही, मला त्यांच्या रांगेत बसवू नका! राग तुमच्या सरांवर आणि काढताय कुंबळेवर. हे असलं लिहायचं तर मानसोपचाराचा वेगळा धागा काढा.

ऑफस्टंप_कोथरूड
मंडळी, बोर्डाबद्दल एक अक्षर तरी बोला कोणी. मी काय लिहिलं, चाललंय काय.

जुना_नेहरू_स्टेडियम
बोर्डाबद्दल काय बोलायचं, गहुंज्याचं पिच बघा आधी. २०१७ ला आपण १०५ आणि १०७, ऑस्ट्रेलियाच्या ओकीफच्या ७० धावांत १२ विकेट, आयसीसीने पिचला ‘पुअर’ दिलं. २०२४ ला तिथेच न्यूझीलंडच्या सँटनरच्या १३, आणि २०१२ नंतर पहिल्यांदा घरात टेस्ट सिरीज घालवली. कोच कुंबळे असो की गंभीर, फिरकीचा आखाडा कोणी मागितला ते कधी कळत नाही.

शुभदा_बावधन
काका, पिचचा वेगळा धागा काढा, तिथे येते भांडायला. सिंहगडरोडकर, तुमच्या सरांचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण कोच म्हणजे स्टंप मारणारा किंवा गप्प बसणारा, असे दोनच नमुने नसतात. अमोल मुझुमदार बघा, २०२५ ला आपल्या महिला टीमचा कोच, इंडियासाठी एक मॅच मिळाली नाही बिचाऱ्याला, आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नेरूळला वर्ल्डकप जिंकल्यावर कॅप्टन हरमनप्रीत त्याच्या पाया पडली. त्याच वर्ल्डकपच्या साखळी फेरीत ओळीने तीन मॅच हरूनही दोघांनी एकमेकांवर ढकललं नव्हतं.

सिंहगडरोडकर
मुझुमदारचा मुद्दा तुमचा, घ्या. पण त्या तीन हारनंतर चौथी हरलो असतो, तर हाच धागा मुझुमदारच्या नावाने निघाला असता आणि ऑफस्टंप साहेबांनी तो पण एवढाच लांब लिहिला असता.

ऑफस्टंप_कोथरूड
लिहिला असता. आणि त्यातही बोर्डालाच धुतलं असतं.